फिट्झरॉय क्रॉसिंग: गर्भातल्या दारूची मोजदाद गावानेच मागितली तेव्हा

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागातल्या फिट्झरॉय खोऱ्याचं हे प्रकरण आहे. गरोदरपणातल्या दारूवर जगभर जे संशोधन झालं, त्यातलं मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. नुकसान मोजायचं की नाही, कुणी मोजायचं, मोजल्यावर आधी कुणाला सांगायचं, हे प्रत्येक वळणावर त्या खोऱ्यातल्या माणसांनी, त्यातही बायकांनी ठरवलं. सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा क्रम उलटा वाटेल. माझ्या मते तोच बरोबर होता, आणि हा लेख त्याबद्दल आहे. यात एकाही मुलाची किंवा आईची ओळख दिलेली नाही. जी नावं आहेत ती याविषयी जाहीरपणे बोललेल्यांची.

पार्श्वभूमी

फिट्झरॉय क्रॉसिंग हे पर्थपासून सुमारे अडीच हजार किलोमीटरवरचं, नदीकाठचं लहान गाव. खोऱ्यात विखुरलेल्या चाळीसहून अधिक वस्त्या धरल्या तर लोकसंख्या साडेचार हजारांच्या घरात, आणि त्यात बहुसंख्य आदिवासी: बुनुबा, वालमाजारी, गुनियांडी, वांगकाजुंगा, न्यिकिना. ही माणसं पिढ्यान् पिढ्या गोऱ्या मालकांच्या गुरांच्या कुरणांवर राबली, बऱ्याचदा नुसत्या शिधा-कपड्यावर. 1960 च्या दशकाच्या अखेरीस आदिवासी मजुरांना समान वेतन देण्याचा निवाडा लागू झाला, तेव्हा अनेक मालकांनी पगार देण्याऐवजी कुटुंबंच्या कुटुंबं हाकलून दिली. ती फिट्झरॉय क्रॉसिंगच्या कडेला तात्पुरत्या निवाऱ्यांत येऊन राहिली. जवळपास त्याच काळात आदिवासींच्या मद्यपानावरची कायदेशीर बंदीही उठली. काम गेलं, जमीन सुटली आणि दारू हाताशी आली, हे सगळं एकाच पिढीत घडलं. हा इतिहास बाजूला ठेवून पुढचे आकडे वाचले, तर ते त्या बायकांवरचं आरोपपत्र होऊन बसतात.

आता वैद्यकीय बाजू. 1968 मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमोआन या बालरोगतज्ज्ञाने दारू पिणाऱ्या आईवडिलांच्या 127 मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1973 मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तशीच मुलं मांडली आणि या अवस्थेला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव मिळालं. दारू वारेतून अडथळ्याविना पलीकडे जाते. बाळाच्या रक्तातलं तिचं प्रमाण आईच्या रक्ताइतकंच चढतं, आणि ती निचरायला लागणारं यकृत त्याच्याकडे अजून तयार नसतं. चेहऱ्याची घडण पहिल्या तिमाहीतल्या काही आठवड्यांत आटोपते. मेंदू मात्र नऊही महिने घडत राहतो. त्यामुळे चेहरा अगदी नेहमीसारखा, पण लक्ष, स्मरण, भाषा, राग आवरणं, पैशाचा आणि वेळेचा हिशोब यांतल्या अनेक गोष्टी एकदम कच्च्या, अशी मुलं जास्त असतात. या सगळ्या पट्ट्याला मिळून ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’, म्हणजे एफएएसडी म्हणतात. हे नुकसान भरून येत नाही. किती पिणं ‘चालतं’ याची सुरक्षित सीमा कुणालाही दाखवता आलेली नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ऑस्ट्रेलियाच्या 2001 च्या सरकारी मार्गदर्शिकेत गरोदर बाईने आठवड्याला सात ‘स्टँडर्ड ड्रिंक’पेक्षा (दारूचं ठरवून दिलेलं एक माप) कमी घ्यावं, नशा चढेल इतकं घेऊ नये, असा सल्ला होता, मुळीच न पिण्याचा विचार करावा असंही त्यात म्हटलं होतं. ‘न पिणं हेच सगळ्यात सुरक्षित’ हे स्पष्ट वाक्य 2009 मध्ये आलं. पुढे ज्या मुलांची तपासणी झाली, ती 2002 आणि 2003 मध्ये जन्मलेली आहेत.

प्रश्न कसा पुढे आला

2006 च्या सुमारास खोऱ्यात 13 महिन्यांत 13 आत्महत्या झाल्या. अंत्यविधी संपत नव्हते. दवाखान्यात रात्री येणाऱ्या मारहाणीच्या केसेस, मुलांना घेऊन महिला निवाऱ्यात धावणाऱ्या बायका, पोरांना सांभाळणाऱ्या थकलेल्या आज्या, या सगळ्यांच्या मुळाशी दारू आहे हे गावाला संशोधकांनी सांगायची गरज नव्हती. दुसरी शंका मात्र दबक्या आवाजात होती: काही मुलं शाळेत टिकत का नाहीत, शिकवलेलं त्यांच्या डोक्यात राहत का नाही, एवढ्यातेवढ्यावरून ती पेटून का उठतात. आज्यांनी आपली मुलं वाढवलेली होती, त्यामुळे नातवंडांमधला फरक त्यांना कळत होता.

2007 च्या जुलैमध्ये खोऱ्यातल्या बायकांची बैठक झाली. मार्निनवार्न्टिकुरा या महिला केंद्राच्या जून ऑस्कर आणि एमिली कार्टर पुढे होत्या. दारूबाबत आता काहीतरी ठोस करायचं, हे तिथे ठरलं.

पहिला निर्णय: आधी मोजायचं की आधी दारू रोखायची

बायकांपुढे काही वाटा होत्या. संपूर्ण दारूबंदी मागता आली असती. व्यसनमुक्ती केंद्र आणि समुपदेशन मागून ते येईपर्यंत थांबता आलं असतं. एखाद्या विद्यापीठाला बोलावून आधी अभ्यास करवून घेता आला असता. सरकारांना सहसा हीच वाट आवडते, कारण अभ्यास चालू आहे म्हणता येतं आणि निर्णय पुढे ढकलता येतो.

त्यांनी वेगळंच मागितलं. राज्याच्या मद्य परवाना संचालकांना लिहिलं की घरी न्यायला विकल्या जाणाऱ्या कडक दारूवर 12 महिने बंदी घाला. बारमध्ये बसून पिण्याला त्यांनी हात लावला नाही. मागणी पूर्ण दारूबंदीहून बरीच लहान होती, आणि माझ्या मते तिची ताकद तिथेच होती. सगळ्यात जास्त नुकसान घरी आणलेल्या खोक्यांतून होत होतं. मुलं तिथेच होती, गरोदर बायकाही तिथेच. शिवाय मुदतबंद मागणी नाकारणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

गाव एकमुखी नव्हतं. दुकानदारांचा विरोध होता, पिणाऱ्यांचा होता, आणि ‘आम्हाला दारू मिळू नये असं पुन्हा एकदा कायद्याने ठरवताय’ हा आक्षेपही होता. ज्या समाजाने पिण्यावरची वांशिक बंदी सोसलेली आहे, तिथे हा आक्षेप खोटा म्हणून झटकता येत नाही. जून ऑस्कर यांची बाजू अशी होती की ही बंदी बाहेरून लादलेली नाही. मुलांना आणि बायकांना सुरक्षित जगण्याचा हक्क आहे, आणि ही बंदी बायकांनीच मागितलेली आहे. संचालकांनी ऑक्टोबर 2007 मध्ये 12 ऐवजी सहा महिन्यांसाठी आदेश काढला: घरी न्यायला फक्त 2.7 टक्क्यांपर्यंतची सौम्य बिअर. 2008 मध्ये आढावा घेऊन तो मुदतीविना पुढे चालू ठेवला गेला.

नोत्र दाम विद्यापीठाच्या मूल्यमापनात पोलीस, परिचारिका आणि रहिवासी यांनी मारहाण आणि दारूमुळे दवाखान्यात येणं कमी झाल्याचं सांगितलं. रात्री झोप लागू लागली, हे साधं वाक्य त्या अहवालांच्या आसपास वारंवार भेटतं. दुसरी बाजूही नोंदली गेली: काही जण अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या डर्बी किंवा हॉल्स क्रीकला जाऊन प्यायला लागले, आणि कधीकधी मुलं मागे राहिली किंवा त्यांची फरफट झाली. हॉल्स क्रीकनेही 2009 मध्ये तशीच मर्यादा घातली.

दुसरा निर्णय: मुलांवर शिक्का बसेल, तरी तपासायचं का

खरा पेच इथे होता. थोडी उसंत मिळाल्यावर, 2008 च्या ऑक्टोबरमध्ये, गावातली मंडळी एफएएसडीवर बोलायला बसली. मुलांना तपासलं तर निदान होईल. निदान झालं तर आई कोण, ती काय प्यायली, हे उघड होईल. खोऱ्याचं नाव बदनाम होईल. आदिवासी मुलं सरकारने घरातून उचलून नेल्याच्या आठवणी ताज्या असताना, आईनेच मुलाला इजा केली असा कागद हातात देणं ही लहान गोष्ट नव्हती. आणि निदान करून पुढे काय? सगळ्यात जवळची विकास-बालरोग सेवा हजारो किलोमीटरवर. उपचारपथक नसताना निदान सांगणं म्हणजे घरावर ओझं टाकून निघून जाणं.

न तपासण्याचीही किंमत होती. निदान नसलेलं मूल शाळेत ‘हट्टी’ ठरतं आणि पुढे पोलिसांच्या हाती लागतं. याचा पुरावा नंतर दुसरीकडून आला: पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या बँक्सिया हिल या बालसुधारगृहातल्या 99 मुलांची तपासणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 36 टक्क्यांना एफएएसडी निघाला, आणि त्यांच्यापैकी फक्त दोघांचं निदान आधी झालेलं होतं.

गावाने तपासायचं ठरवलं, पण आपल्या अटींवर. ‘मारुलू’ या नावाने एक धोरण आखलं गेलं: प्रतिबंध, निदान, कुटुंबांना आधार आणि गावाचं मन मोकळं करणं, सगळं बरोबरीने. मॉरीन कार्टर यांच्या निंडिलिंगारी आरोग्य संस्थेने आणि महिला केंद्राने सिडनी विद्यापीठ आणि जॉर्ज इन्स्टिट्यूट ही आरोग्य-संशोधन संस्था यांना बोलावलं. बालरोगतज्ज्ञ एलिझाबेथ इलियट, जेम्स फिट्झपॅट्रिक आणि संशोधक जेन लॅटिमर हे त्यातले प्रमुख. प्रकल्पाला स्थानिक क्रिओल भाषेतलं ‘लिलिलवान’ हे नाव दिलं, म्हणजे सगळी चिल्लीपिल्ली. घरोघर विचारणा, सल्लामसलत आणि संमती यांत बराच काळ गेला. माझ्या मते प्रकल्पाचा सगळ्यात चांगला खर्च झालेला वेळ तोच.

प्रत्यक्ष काम

कोणत्या वयाची मुलं घ्यायची, हा तांत्रिक दिसणारा पण फार महत्त्वाचा निर्णय होता. तान्ह्या बाळांत मेंदूच्या चाचण्या भरवशाच्या नसतात. खूप मोठी मुलं घेतली तर हाताशी असलेली शाळेची वर्षं निघून जातात. म्हणून 2002 आणि 2003 मध्ये जन्मलेली, त्या वेळी सात ते नऊ वर्षांची मुलं घेतली. नमुना न निवडता खोऱ्यातली त्या दोन वर्षांतली सगळीच. त्यामुळे ‘माझ्याच पोराला का?’ हा प्रश्न उरला नाही. एकट्यावर शिक्का बसण्याची भीती कमी करायला याहून चांगला उपाय मला सुचत नाही.

2010 मध्ये पहिला टप्पा झाला. पात्र 134 मुलांपैकी 127 मुलांच्या आयांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी बोलणं झालं, 95 टक्के. दुर्गम वस्त्यांमध्ये इतका सहभाग मिळणं दुर्मिळ असतं. मुलाखतीला स्थानिक मार्गदर्शक सोबत असत, भाषा ओळखीची असे, आणि प्रश्न फक्त दारूचे नसत: बाळंतपण, आजार, घर, शोक, सगळं विचारलं जाई. 2011 मध्ये 108 मुलांची तपासणी झाली. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचार, व्यवसायोपचार (रोजची कामं जमावीत म्हणून केला जाणारा उपचार) आणि फिजिओथेरपी या विषयांचे तज्ज्ञ खोऱ्यात येऊन राहिले.

चेहऱ्याची तपासणी कशी होते हे जवळून पाहण्यासारखं आहे. तीन गोष्टी बघतात: डोळ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची लांबी, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली उभी खाच, आणि वरच्या ओठाची जाडी. डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. खाच आणि ओठ यांच्यासाठी एक चित्रपट्टी असते. त्यावर ठळक खाचेपासून अगदी सपाट ओठापर्यंत पाच चेहरे क्रमाने छापलेले. मूल तोंड मिटून, न हसता बसलं पाहिजे, कारण हसलं की खाच पसरते आणि ओठ पातळ दिसतो. आठ वर्षांच्या मुलाला अनोळखी डॉक्टरसमोर न हसता बसवणं हे कौशल्याचं काम आहे. मेंदूची बाजू याहून वेळखाऊ: तासन् तास चालणाऱ्या चाचण्या, आणि त्याही शहरी इंग्रजी मुलांसाठी बनवलेल्या. शब्दांवर फारशा न बेतलेल्या चाचण्या निवडून ही अडचण कमी केली गेली. पूर्ण गेली असं म्हणता येत नाही.

तपासणीनंतर प्रत्येक मुलासाठी लेखी योजना तयार झाली आणि ती घरच्यांना समजावून सांगितली गेली. एफएएसडी नसलेल्यांनाही. कारण ऐकू कमी येणं, कानाचे संसर्ग, बालपणीचे आघात हेही भरपूर सापडले.

निष्पन्न

127 पैकी 55 टक्के मुलांच्या आयांनी गरोदरपणात दारू घेतलेली होती, आणि त्यातल्या बहुतेकींचं पिणं धोक्याच्या पातळीचं होतं. याचा दुसरा अर्थ कमी सांगितला जातो: जवळपास निम्म्या आया एक थेंबही प्यायल्या नव्हत्या. चेहऱ्याच्या खुणांसह पूर्ण किंवा अंशतः सिंड्रोम हजारी 120 मुलांत. एफएएसडी एकूण हजारी 194 मुलांत, म्हणजे दर पाचात एक. तुलनेसाठी, 2017 मधल्या एका जागतिक अंदाजानुसार सिंड्रोमचं प्रमाण दहा हजारी सुमारे 15 आहे.

ही मुलं 2007 च्या मर्यादेआधी गर्भात होती. म्हणून हे आकडे त्या मर्यादेच्या यशाचा किंवा अपयशाचा निकाल नाहीत. तो निकाल नंतर आला. प्रसूतिपूर्व नोंदींवरून केलेल्या अभ्यासात गरोदरपणात दारू घेतल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 2010 च्या सुमारे 61 टक्क्यांवरून 2015 मध्ये सुमारे 32 टक्क्यांवर उतरलं. मधल्या वर्षांत दुकानातली मर्यादा होतीच. शिवाय दवाखाना, शाळा आणि महिला केंद्र यांतून सातत्याने बोलणं चालू होतं. यातल्या कशाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. मला त्याची चिंताही वाटत नाही. गावाने या गोष्टी वेगळ्या करून केल्याच नव्हत्या.

खोऱ्याबाहेरही परिणाम झाला. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीचा एफएएसडीवरचा अहवाल आला आणि 2016 मध्ये निदानाची राष्ट्रीय मार्गदर्शिका. बाटलीवर गरोदरपणाचा इशारा छापणं मात्र 31 जुलै 2023 पासून सक्तीचं झालं. अमेरिकेत तो 1989 पासून छापला जातो.

काय वेगळं करता आलं असतं

पुरुष कुठे आहेत, हा प्रश्न मला या प्रकरणात सतत टोचतो. मुलाखती आयांच्या, मोजमाप आयांच्या दारूचं, प्रतिबंधाचे संदेशही बरेचसे आयांसाठी. गरोदर बाई ज्या घरात राहते तिथे नवरा, भाऊ, सासरा रोज पीत असतील तर तिचं ‘नाही’ किती टिकणार? घरातल्या इतरांचं पिणं पहिल्या टप्प्यातच तितक्याच बारकाईने मोजलं असतं, तर दोषाची सुई एकाच दिशेला वळली नसती आणि प्रतिबंधाला दुसरं टोकही मिळालं असतं.

आठवणीवर विसंबणं ही दुसरी मर्यादा. सात-आठ वर्षांपूर्वीच्या गरोदरपणात किती प्यायलं, हे सांगताना माणूस विसरतो, लाजतो. खरा आकडा यापेक्षा जास्त असण्याची शक्यता अधिक. ज्या मुलांची आई हयात किंवा जवळ नव्हती, त्यांच्याबाबतीत निदान करणं तर आणखी कठीण. गरोदरपणातच, पहिल्या भेटीपासून, प्रत्येकीला सरसकट विचारून लिहून ठेवणं हा यावरचा मार्ग आहे.

तिसरी गोष्ट सेवांची. योजना तयार झाल्या, पण त्या राबवणारे वाचातज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ खोऱ्यात कायमचे नव्हते. पालकांसाठी आणि शाळांसाठी कार्यक्रम पुढे आले, तेही चांगले होते, पण निदान आणि मदत यांच्यामध्ये मुलांची काही वर्षं गेली. तपासणीच्या अनुदानातच किमान पाच वर्षांच्या सेवेचा पैसा बांधून घ्यायला हवा होता. हे संशोधकांच्या हातात पूर्णपणे नव्हतं. निधी देणाऱ्यांच्या हातात होतं.

आपल्याकडे पाहताना

महाराष्ट्रातल्या वाचकाला बायकांनी दारूविरुद्ध उभं राहणं नवं नाही. 1993 मधली गडचिरोलीची दारूबंदी आणि गावोगावची ‘आडवी बाटली’ची मतदानं आपण पाहिली आहेत. तिथलं आपलं बोलणं मात्र नवऱ्याच्या दारूवरच थांबतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दारू पिणाऱ्या स्त्रियांचं देशातलं प्रमाण 1.3 टक्के आहे आणि त्यावरून हा विषय आपला नाही असं मानलं जातं. त्याच पाहणीत अरुणाचल प्रदेशात ते 24 टक्के आहे. सरासरीत एखादी वस्ती, एखादा पाडा, एखादा शहरी गट सहज लपतो. ऑस्ट्रेलियाच्या सरासरीत फिट्झरॉय खोरंही लपलेलंच होतं. आपल्या बाटलीवरच्या सक्तीच्या इशाऱ्यात दारू आरोग्याला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढंच आहे. गरोदरपणाचा उल्लेख नाही.

लिलिलवानमधली मुलं आता विशीत आहेत. खोऱ्याने त्यांचा पाठपुरावा सोडलेला नाही: ‘बिगिसवन किड’ नावाच्या पुढच्या प्रकल्पात महिला केंद्र आणि सिडनी विद्यापीठाने किशोरवयात त्याच मुलांना पुन्हा गाठलं, त्यांचं कशामुळे बरं चाललं आहे आणि कुठे अडतं हे त्यांच्याकडून आणि घरच्यांकडून ऐकलं, आणि ज्यांना मदत हवी होती त्यांना सेवांशी जोडून दिलं.